चोरीच्या प्रतीला हळदकुंकू

२३ जानेवारी, शुक्रवार. वसंत पंचमी

आज मी चोरीच्या मालाला हळदकुंकू वाहिलं. न कळता वाहिलं, पण वाहिलं. याबद्दल ज्याच्याशी धड बोलता येईल असं एकही माणूस कॉलेजात सापडलं नाही, म्हणून ही वही.

कोणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून लिहिते: वसुधा दत्तात्रेय जिनसीवाले, राजेंद्र नगर, इंदूर, वय बासष्ट. मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले, आणि सत्संगाच्या सतरंजीवर बसायचं नव्हतं म्हणून संगणकीय गणिताच्या एम.एससी.ला नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम विद्यापीठ जास्तीत जास्त चार वर्षांत पुरा करू देतं. माझी मधली दोन यजमान दत्तोपंतांच्या बायपासमध्ये आणि माझ्या मोतीबिंदूत गेली. हे चौथं. दहा एप्रिलपर्यंत प्रोजेक्ट जमा झाला तर पदवी, नाहीतर सगळं पाण्यात. मुदतवाढ मिळत नाही, मी विचारून घेतलं आहे.

आता आजचं. विभागात वसंत पंचमीला सरस्वतीची पूजा असते. तसबिरीपुढे पुस्तकं, पिवळा झेंडू, बुंदीचं ताट, आणि लाल कापडावर एक पेन ड्राइव्ह. जाणाऱ्या वर्गाने तो येणाऱ्या वर्गाच्या हाती द्यायचा, अशी अकरा वर्षांची प्रथा आहे म्हणे. यंदा वर्गात सगळ्यांत मोठी मी, तेव्हा पूजा माझ्याच हातून. आमचा पुढारी ऋषभ जैन ताट धरून उभा.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“आशीर्वाद है, काकूजी. आज तक सब इसी से पास हुए हैं.”

मला वाटलं, जुन्या नोट्स असतील. हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, ज्युनियर पोरांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावून घेतला.

मग लॅबमध्ये ऋषभने माझा लॅपटॉप पुढ्यात ओढला. प्रोजेक्टला जे महागडं गणिती सॉफ्टवेअर लागतं, ते त्याच पेन ड्राइव्हवरून घालून द्यायला.

“काकूजी, पहले एंटीवायरस बंद करो.”

“का?”

“वो इसको पकड़ लेता है.”

“म्हणजे पहारेकऱ्याला बाहेर काढायचं आणि मग पाहुण्याला आत घ्यायचं?”

“क्या काकूजी, आप भी.”

शेवटी पडद्यावर चौकट आली. परवानाधारक म्हणून अक्षरं आणि आकडे कालवलेलं कोणाचंतरी नाव. माझं नाही, कॉलेजचं नाही.

“हे कोण?”

“पता नहीं. भला आदमी है.”

“बक्षी सरांना माहीत आहे?”

“सर के कंप्यूटर में भी यही भला आदमी बैठा है.”

मी लॅपटॉप मिटला. त्याची बोटं थोडक्यात वाचली. घरी येऊन पहिलं काम ते काढून टाकण्याचं केलं. त्या पोरांनी जे कपाळाला लावलं ते मात्र मला काढून टाकता येणार नाही. माझ्या हातून घेतलं म्हणून तर त्यांनी लावलं.


२४ जानेवारी, शनिवार

कंपनीच्या संकेतस्थळावर सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. विद्यार्थ्यांसाठी सवलतीची प्रत असते. अट एकच: संस्थेने दिलेला ईमेल हवा. म्हणजे चोरीचं कारणच नाही. एक ईमेल पाहिजे, बस.

विभागप्रमुख उन्मेष बक्षी यांना गाठलं. पंचेचाळिशीचे आहेत. माझ्यासमोर आले की चष्मा पुसू लागतात.

“ताई, मुलांना ईमेल देत नाहीत इथे. ते डायरेक्टर मॅडमच्या हातात आहे.”

“तुम्ही मागा त्यांच्याकडे.”

“मागून चुकलोय.”

“मग पुन्हा मागा.”

“ताई, फालतू में कशाला डोकं लावता? पेन ड्राइव्हवालं टाका आणि मोकळ्या व्हा. आणि हो, विद्यापीठाच्या नियमांची पुस्तिका बघायला तर जाऊच नका. लायब्ररीत खालच्या कपाटात पडलीय, दारामागच्या. कोणी मागत बी नाही.”

नियम वाचू नका असं एक शिक्षक मला सांगतो. मला. सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी जाते आणि वाचते.


२७ जानेवारी, मंगळवार

वाचली. प्रोजेक्ट ‘योग्य संगणन साधन वापरून’ करावा, एवढंच आहे. कोणत्याच सॉफ्टवेअरचं नाव नाही. तेच पाहिजे, हा नुसता विभागाचा रिवाज. आता कळलं बक्षी सरांना पुस्तिका का लपवायची होती. अशा लपवणाऱ्याने कपाटाचा पत्ता तरी सांगू नये.


३ फेब्रुवारी, मंगळवार

डायरेक्टर प्रेमलताजींनी भेट दिली. एसी इतका की शाल गुंडाळून बसले.

“वसुधाजी, आप तो हमारी शान हैं. इस उमर में पढ़ाई. हम आपकी फोटो ब्रोशर में डाल रहे हैं.”

“फोटो नको. ईमेल हवा. विद्यार्थ्यांना.” मी मराठीतच बोलले. त्यांना समजतं, पस्तीस वर्षं स्नेहलतागंजात, मराठी शेजारात राहिल्या आहेत.

“आपका बना देते हैं ना. आज ही. बस किसी को बताइएगा नहीं.”

“आणि बाकीचे एकोणीस?”

“बच्चों की आदत हो गई है, वो मैनेज कर लेते हैं.”

“ईमेल द्यायला अडचण काय आहे, ते सांगा.”

जरा वेळ त्या पेपरवेट फिरवत बसल्या. मग खरं बोलल्या, त्याबद्दल मान द्यायला हवा. पूर्वी एकदा सगळ्या विद्यार्थ्यांना ईमेल दिले होते. आठवड्याभरात मुलांनी त्याच ईमेलवरून ट्रस्टच्या प्रत्येक सदस्याला वसतिगृहाच्या पाण्याची तक्रार पाठवली. कॉलेजच्या नावाने आलेली चिट्ठी, त्यामुळे एका सदस्याने ती वाचली. तेव्हापासून बंद.

“पाण्याचं काय झालं?” मी विचारलं.

“कौन सा पानी?”

मी उठले. माझ्या एकटीचा ईमेल नको, वीस जणांचा हवा, असा अर्ज बाहेर आवक खिडकीत देऊन शिक्का घेतला. त्यांनी दिलेला चहा तसाच राहिला. चांगला होता बहुधा.


८ फेब्रुवारी, रविवार

दत्तोपंतांचं म्हणणं, घेऊन टाकायचा होता तो ईमेल.

“एप्रिलनंतर तू आणि ते कॉलेज, काय संबंध? पोरं तुला ओळखणार बी नाहीत.”

“म्हणून मी चोरून घ्यायचं?”

“चोरून कुठे, ती बाई स्वतः देत होती.”

“कोणाला सांगू नका म्हणून जे देतात, ते चोरूनच.”

“बरं बाई. आता शेव दे इकडे.” डॉक्टरांनी शेव बंद केली आहे, हे ते दर रविवारी विसरतात.

नंतर एकटी असताना मात्र विचार केला. हट्टाला मी तत्त्वाचं नाव देते आहे का? प्रोजेक्ट अर्धा पडून आहे. पलासियाच्या चौकात संध्याकाळी गाड्यांची रांग किती वाढते, आणि उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळा वेळ दिला तर किती घटेल, हा माझा विषय. सबंध नोव्हेंबर मी त्या चौकात उभी राहून गाड्या मोजल्या. हवालदाराने मला स्वयंसेवक समजून नारिंगी जाकीट घातलं आणि शिटी दिली. जाकीट घेतलं, शिटी परत केली. तो सगळा डोंगर आता गणित करून देणाऱ्या साधनाशिवाय नुसता पडला आहे. वेळ जातो आहे. मला भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. बाहेर बोलणार नाही.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गातली पलक चौकसे आज मागे मागे येत होती. मुलगी हुशार आहे पण आळशी. वर्गात उशिरा येते, संध्याकाळी पलासियाच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवते म्हणून कायम पेंगते, आणि दिवाळीपासून तिचा लॅपटॉप ‘रिपेअरला’ आहे. इतके दिवस कोणता लॅपटॉप रिपेअर होतो?

“मैडम, एक मुफ्तवाला भी है. ऑक्टेव. उसकी भाषा अपने वाले जैसी ही है.”

“चोरीचा?”

“नहीं मैडम. बनाने वालों ने ही बोल रखा है, लो और बाँटो.”

“मग तू का नाही वापरत?”

“सर लोग मानेंगे नहीं ना.” मग हळूच, “और मेरे पास लैपटॉप नहीं है अभी.”

तिला घरी घेऊन आले. दहा मिनिटांत तिने ते माझ्या लॅपटॉपवर चढवलं. पहारेकऱ्याला बाहेर काढावं लागलं नाही. कोणाचं नाव विचारलं नाही, कोणाचा ईमेल मागितला नाही. शिकायचे धडेसुद्धा आहेत, काही तर मराठीत. मला थोडा रागच आला. इतकं सरळ होतं, आणि अकरा वर्षं पोरं तसबिरीपुढे पेन ड्राइव्ह ठेवत आली.

पलकने विचारलं, रोज तासभर येऊन माझ्या लॅपटॉपवर स्वतःचं काम करू का. म्हटलं, ये, पण वेळेवर. साबुदाण्याची खिचडी होती, तीन वेळा घेतली तिने. कोचिंगवाले खायला देत नाहीत वाटतं.


२२ फेब्रुवारी, रविवार

दहा दिवस या ऑक्टेव्हशी झटापट. महागड्या सॉफ्टवेअरचे काही तयार तुकडे यात नाहीत. ठीक. गाड्या कशा बेभरवशाच्या येतात याचं सूत्र मी स्वतः लिहिलं. चाळीस वर्षांपूर्वी बी.एससी.ला होळकर कॉलेजात जे शिकले होते ते हाताने फळ्यावर मांडायची सवय होती, तीच कामाला आली. सगळं तयार मिळालं असतं तर हे आत काय चाललंय ते मला कधी कळलं नसतं.

आज पहिल्यांदा पूर्ण चाललं. पलक पडद्याकडे बघत बसली.

“मैडम, पलासिया पे माइनस चौदह गाड़ियाँ खड़ी हैं.”

“काय?”

“माइनस चौदह. इंदौर का पहला खाली चौराहा.”

दत्तोपंत आतून म्हणाले, “महापौरांना कळवा, लगेच बक्षीस घेऊन येतील.”

चूक माझी होती. हिरव्या दिव्यात जितक्या गाड्या सुटू शकतात तितक्या मी रांगेतून वजा करत होते, रांगेत तितक्या आहेत की नाहीत हे न पाहता. शाळेत मुलींना याच चुकीसाठी मी बाकावर उभं केलं आहे. पलकने एका ओळीत दुरुस्त केलं, रांग शून्याखाली जाणार नाही अशी. आता आकडे नोव्हेंबरातल्या मोजणीशी जुळतात.

लॅपटॉपवर ‘पलक प्रोजेक्ट दोबारा’ नावाचा एक फोल्डर आहे. दोबारा का, ते विचारायचं राहून गेलं.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल बक्षी सरांना दाखवले. बराच वेळ बघत राहिले. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग दरवाज्याकडे पाहिलं आणि सूर बदलला.

“ताई, काम चांगलं आहे, पण चालणार नाही. परीक्षक म्हणतील, हे कुठलं सॉफ्टवेअर, एका म्हाताऱ्या बाईने काहीतरी करून आणलंय. माफ करा, ते म्हणतील, मी नाही म्हणत.”

“म्हणू द्या.”

“एकाचा निकाल म्हणजे काय, चूक बी असू शकते. आता तिघांनी वेगवेगळ्या विषयात याच्यावर काम करून आणलं आणि जुन्या सॉफ्टवेअरशी जुळवून दाखवलं, तर परीक्षकाला तोंड उघडायला जागा राहत नाही. पण तुम्हाला तिघं मिळणार कुठून? आमची पोरं तर डरपोक आहेत. तो ऋषभ तर मुळीच यायचा नाही.”

टोमणा कळला. तिघं आणून दाखवते. ऋषभसकट.


८ मार्च, रविवार. रंगपंचमी

सगळं शहर राजवाड्याला गेर, रंगांची मिरवणूक, बघायला गेलेलं. आम्ही दोघी दार लावून काम करत होतो. दुपारी बेल वाजली. दारात एक जांभळा प्राणी. आवाजावरून ऋषभ.

“काकूजी, रंग नहीं लगाऊँगा, पैर छूने आया हूँ.”

“पायरीच्या खाली उभं राहून बोल. फरशी आत्ता पुसली आहे.”

त्याने आत डोकावून पलकला पाहिलं. “अरे, ये भी मुफ्तवालों में मिल गई? काकूजी, वो खिलौना है. मेरा प्रोजेक्ट उसमें चल ही नहीं सकता. शर्त लगा लो.”

“चालव आणि मला खोटी पाड.”

“टाइम किसके पास है, काकूजी. सबका काम तो हो रहा है. किसी का नुकसान हुआ आज तक?”

यावर पलक बोलली. खुर्चीतून न उठता, मान वर न करता.

“मेरे भाई का लैपटॉप तेरे आशीर्वाद से ही बैठा था. दिवाली के दूसरे दिन. सब गया. उसकी नौकरी का काम भी उसी में था.”

“बताया क्यों नहीं, यार?”

“तू पूछता कि एंटीवायरस क्यों नहीं बंद रखा ठीक से.”

जांभळ्या चेहऱ्याचा रंग उतरलेला कळत नाही, पण तो पायरीवर बसला. मग म्हणाला, “दे, कैसे डालते हैं ये.” मी त्याच्या हाताखाली जुना पेपर घातला आणि लॅपटॉप बाहेर नेऊन दिला.

मला पलकने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी तिला आळशी लिहिलं आहे वर. तो शब्द मागे घेते. खोडत नाही, मागे घेते.


११ मार्च, बुधवार

ऋषभ आला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

“चल गया.”

“काय?”

“मेरा वाला. खिलौने में. दशमलव के चौथे अंक तक वही जवाब. दो जगह बदलना पड़ा.”

“मग शर्त?”

“लगाई कहाँ थी, काकूजी. आपने हाथ ही नहीं मिलाया, रंग के डर से.”

तिघं झाली. बक्षी सरांच्या टेबलावर तिघांचे निकाल आणि ऋषभने जुन्या सॉफ्टवेअरशी केलेली तुलना ठेवली. त्यांनी चष्मा पुसला. तुलनेची प्रत मात्र स्वतःजवळ ठेवून घेतली, माझ्या परवानगीशिवाय.


१८ मार्च, बुधवार

सूचनाफलकावर नोटीस. ‘सर्व प्रोजेक्ट केवळ विभागीय सॉफ्टवेअरवरच केलेले असावेत. नऊ एप्रिलला प्रत्येक विद्यार्थ्याने विभागाच्या संगणकावर आपला प्रोजेक्ट चालवून दाखवल्याशिवाय सही मिळणार नाही.’ खाली उन्मेष बक्षी.

हे प्रेमलताजींचं काम, माझ्या अर्जाचं उत्तर. सही करणारा हात यांचा.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. “तिघं आणा म्हणालात, आणली. आता हे?”

“ताई, वरून आलंय. डायरेक्टर मॅडम तर म्हणत होत्या, सॉफ्टवेअरचं नाव घालून लिहा. मी म्हटलं, नाव लिहिलं तर खाली लाइसेंसचा नंबर बी लिहावा लागेल. मग म्हणाल्या, राहू दे, नुसतं ‘विभागीय’ लिहा.”

“म्हणजे नोटीससुद्धा मोघम.”

“मोघमच आहे, ताई. विभागीय म्हणजे काय, त्या दिवशी विभागाच्या मशीनवर जे असेल ते.” आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी आता हसणार होते.

मी हसले नाही. मी म्हटलं, “तुम्हाला एका बाजूला उभं राहता येत नाही का, सर?”

“नोकरी आहे, ताई. दोन मुली आहेत.”

उद्या पाडवा. गुढीची काठी माळ्यावरून काढायची आहे. मन नाही.


२ एप्रिल, गुरुवार

आकडे, आलेख, प्रकरणं सगळं तयार. बांधणीला टाकलं. आणि नऊ तारखेला विभागाच्या मशीनवर तो भला आदमी बसलेला असणार. माझी फाईल त्याच्यावर चालेलही, भाषा जवळपास तीच. म्हणजे माझ्या कामाखाली शेवटी त्याचंच नाव लागणार.

पलकला आणि ऋषभला सांगितलं, तुम्ही चालवून सही घ्या, तुम्हाला नोकऱ्या शोधायच्या आहेत. मी त्या मशीनला हात लावणार नाही.

“तो डिग्री?” पलक.

“नाही मिळाली तर नाही.”

“काकूजी, चार साल,” ऋषभ म्हणाला. मला काकूजी म्हणताना प्रथमच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

“मोजता येतात मला.”

दत्तोपंतांना वाटलं होतं मी नऊला नमतं घेईन. मी म्हटलं, माझा स्वभाव तुम्हाला बायपासनंतर नव्याने कळतो आहे का? ते म्हणाले, “नाही, तुझ्या पदवीदानाला घालायला कोट शिवायला टाकला होता मी.” मी ठरवलं आहे ते बदलणार नाही. पण त्या कोटाचा राग आला मला. कशाचा, ते सांगता येत नाही.


९ एप्रिल, गुरुवार

आजचं शांतपणे लिहिते.

लॅबमध्ये वीसही जण. मी माझा लॅपटॉप आणि बांधलेल्या प्रती घेऊन गेले, मशीनला हात लावणार नाही असं सांगायचं म्हणून. ऋषभ पहिल्या मशीनवर बसला आणि त्याचा चेहरा बदलला. मग दुसऱ्यावर गेला. मग तिसऱ्यावर.

“सर, वो वाला तो है ही नहीं.”

“हो,” बक्षी सर म्हणाले. “सोमवारी वायरस आला. सगळी मशीनं फॉरमॅट करावी लागली.”

“सब की सब?”

“सब की सब. आता जे आहे ते आहे.”

जे होतं ते ऑक्टेव्ह. पंधराच्या पंधरा मशीनवर, आणि काहीही नाही. वायरस कुठून आला हे मला माहीत आहे, अकरा वर्षं सगळे त्याला हळदकुंकू वाहत होते. पण याच आठवड्यात यावा, असा योगायोग मला आयुष्यात क्वचित मिळाला आहे.

वर्गात हलकल्लोळ. सतरा जणांचे प्रोजेक्ट जुन्यावर केलेले. कोणी रडायला लागलं, कोणी म्हणालं काकूजी की वजह से. पलक उठली. टेबलावर हात आपटून म्हणाली, “चुप. सबका चलेगा. जिसका लाल अक्षर में रुके, हाथ ऊपर करो.” कोचिंगमध्ये अशीच शिकवत असणार. हात वर झाले. ती एका रांगेत, ऋषभ दुसऱ्या रांगेत, मी तिसऱ्या. बहुतेकांचं एकदोन ओळी बदलून चाललं. ज्यांनी तयार तुकड्यांवर भिस्त ठेवली होती त्यांना मी खडू घेऊन फळ्यावर आत काय चालतं ते दाखवलं. फळ्यापाशी उभी राहिले तेव्हा आवाज आपोआप शाळेतला झाला. सगळे वहीत उतरवून घेऊ लागले.

साडेतीनला प्रेमलताजी आल्या. सगळे पडदे चालू. त्यांनी एकेक बघितला.

“ये क्या है, बक्षीजी?”

“विभागीय सॉफ्टवेयर, मैडम. नोटिस के मुताबिक.”

“पहले तो कुछ और था.”

“जी. उसका लाइसेंस नंबर देखना पड़ेगा तो ढूँढता हूँ.”

त्या गेल्या. दारातून मला म्हणाल्या, “वसुधाजी, फोटो फिर भी डालेंगे हम.” मी नमस्कार केला.

समोर जे दिसलं त्यालाच बक्षी सरांनी विभागीय म्हणून टाकलं. उद्या दुसरं दिसलं तर त्यालाही म्हणतील. पण माझं काम झालं, तक्रार नाही. शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या मशीनवर मी माझा प्रोजेक्ट चालवला. पलासियाची रांग शून्यावर येऊन थांबली. त्यांनी सही केली. पेन दोनदा हातातून निसटलं. त्यांनी साखर तपासून घ्यायला हवी.

जिन्यात पलक म्हणाली, “मैडम, सर अच्छे हैं.”

“असतील. भित्रे आहेत.”

ती काहीतरी बोलणार होती. मग हसली आणि माझी पिशवी घेतली.


१० एप्रिल, शुक्रवार

विभागात जमा केलं, पोच घेतली:

प्रोजेक्टच्या बांधीव प्रती तीन, विषय पलासिया चौकातील रांगा. सीडी एक, नियमात आहे म्हणून. ती वाचेल असं यंत्र विभागात उरलेलं नाही. वर्गातल्या बाकी एकोणीस जणांच्या प्रती त्यांनी स्वतः दिल्या, सगळ्यांच्या दुसऱ्या पानावर ‘साधन: ऑक्टेव्ह, सर्वांना मुक्त’ असं छापलेलं.

बक्षी सरांच्या हाती: ते सॉफ्टवेअर कसं घालावं आणि अडलं तर काय करावं याची बारा पानं, मराठी माझी, हिंदी पलकची, त्यातले विनोद ऋषभचे, मी काढून टाकले होते ते त्याने पुन्हा घातले. ज्युनियर वर्गासाठी मागितली होती त्यांनी. लगेच वाचायला बसले, मला बसा म्हणायचं विसरले.

त्यांच्याकडून मला: लॅबची किल्ली एक. पुढल्या वर्गाला दर शनिवारी शिकवावं अशी तोंडी विनंती. किल्ली घेतली. लेखी द्या म्हणून सांगितलं.

आवक खिडकीत: वीस विद्यार्थ्यांच्या ईमेलसाठी दुसरा अर्ज, यावेळी वीस सह्यांचा. तीन फेब्रुवारीचा पहिला अर्ज परत घेतलेला नाही, असं खाली लिहून दिलं आणि शिक्का मारून घेतला.